हिराबाईंचा उजवा पाय

"नम्र हो" असं मला आयुष्यात ज्यांनी ज्यांनी सांगितलं, ते सगळे त्या वेळी खुर्चीत बसलेले होते आणि मी उभा होतो. एकालाही उठून शेजारची खुर्ची पुढे सरकवावीशी वाटली नाही. गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. निरोपसमारंभात ज्यांनी भाषणं केली त्यांनीही माझ्या नम्रतेचं कौतुक केलं. मी नम्र वगैरे नाही. मी चिडका माणूस आहे आणि हा लेखही चिडूनच लिहितोय.

माझं काम सांगतो. कुष्ठरोग्यांच्या एका दवाखान्यात मी छत्तीस वर्षं चपला आणि बूट केले. दवाखाना सातारा आणि सांगलीच्या मधे कुठेतरी आहे एवढंच सांगतो, नाव लिहीत नाही. आमच्याकडे गावात या रोगाला रगतपिती म्हणतात. गोळ्यांनी रोग पूर्ण बरा होतो, पण मेलेल्या नसा परत येत नाहीत. पायाला काही कळत नाही. तुमच्या बुटात खडा गेला तर तुम्ही दोन पावलांत थांबता. आमचा पेशंट त्या खड्यावर दिवसभर चालतो आणि पायजम्याला रक्त लागलेलं दुसऱ्या कुणीतरी पाहिलं म्हणजे त्याला कळतं. तिथे जखम होते, ती हाडापर्यंत जाते आणि मग बोटं जातात, पाऊल जातं. लोकांना वाटतं रोगानं बोटं झडली. रोगानं नाही, चालण्यानं जातात. म्हणून चप्पल हेच आमचं औषध. आत मऊ रबर, खाली टायरसारखा कडक तळ, मागे पट्टा, म्हणजे पायातून निसटू नये. आणि एक नियम: तिच्यात कुठेही खिळा मारायचा नाही. सगळं शिवायचं किंवा चिकटवायचं.

या कामाला मी स्वखुशीनं आलो नाही. मला पाळक व्हायचं होतं.

आम्ही फलटणकडचे ख्रिस्ती. माझे वडील मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, प्रचारक होते. बाहेरच्यांना फरक कळावा म्हणून सांगतो: पाळक म्हणजे ज्याला धर्मशिक्षण मिळतं, दीक्षा मिळते, जो बाप्तिस्मा देतो, लग्नं लावतो. प्रचारक म्हणजे जो सायकलवर फिरतो. वडिलांनी तीस वर्षं सायकल चालवली. आजोबा चपला शिवायचे. आजोबा ख्रिस्ती झाले तरी त्यांची आरी काही सुटली नाही, पण वडिलांनी पंधराव्या वर्षी ठरवलं की आपण कातड्याला हात लावायचा नाही, आणि आपला मुलगा तर पांढरा झगा घालून वेदीपाशी उभा राहील.

आमच्यात एक शब्द आहे, पाचारण. देव माणसाला एखाद्या कामासाठी हाक मारतो, ती हाक म्हणजे पाचारण. पाळक व्हायचं असेल तर मंडळीची कमिटी पहिला प्रश्न तोच विचारते. मी एकोणीस वर्षांचा असताना साताऱ्यात कमिटीपुढे उभा राहिलो. टेबलामागे पाच जण. अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर.

"पाचारण झालंय का तुला, याकोब?"

"हो, सर," मी म्हणालो.

झालं होतं का? मला बोलायला आवडायचं, लोक ऐकायचे आणि तो झगा मला लय आवडायचा. त्या वयात हे सगळं आणि पाचारण यांतला फरक कुणाला कळतो?

अध्यक्षांनी कागद उलटसुलट केला. "वडील प्रचारक. बरं. आजोबा काय करायचे?"

"चपला शिवायचे, सर."

त्यांनी शेजारच्यांकडे बघितलं आणि हसले. हसणं वाईट नव्हतं हो, प्रेमळच होतं. तेच आठवून जास्त राग येतो. "मग घाई कसली? धीर धर, नम्र हो. देव त्याच्या वेळेला बोलावतो. तिकडे दवाखान्यात चपलांच्या खात्यात माणूस पाहिजे आहे. तुमच्या घराण्यात ते काम आहेच. दोन वर्षं सेवा कर, मग बघू."

माझ्यानंतर अध्यक्षांचा पुतण्या आत गेला. दहा मिनिटांत बाहेर आला तो जूनपासूनच्या कॉलेजचं पत्र घेऊन. त्याला धीर धरायला कुणी सांगितलं नाही. त्याचे आजोबा काय करायचे हेही विचारलं नसावं, कारण अध्यक्षांना ते माहीतच होतं. त्या पोरावर माझा राग नाही. तो पुढे बरा पाळक झाला, आजारी माणसांकडे जातो, फोन उचलतो. माझा राग त्या टेबलावर आहे. धीर आणि नम्रता ही तिथे रेशनसारखी वाटली जायची आणि आमच्या वस्तीच्या वाट्याला नेहमी जास्त यायची.

वडील स्टँडवर वाट बघत होते. मी सांगितलं. गाडीत बसल्यावर खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "कातडं सुटलं होतं आपलं."

दवाखान्यातल्या चपलांच्या खात्याचे प्रमुख होते तुकाराम अण्णा. मूळचे कडेगावकडचे, हिंदू, आणि एके काळी तिथलेच पेशंट. रोग बरा झाला, पण घरच्यांनी परत घेतलं नाही, म्हणून ते तिथेच राहिले आणि काम शिकले. डाव्या हाताची बोटं अर्धी, उजव्या हाताची दोन धड. कातडं कापायची रापी ते पट्ट्यानं तळहाताला बांधून घ्यायचे आणि असं सरळ कापायचे की मला दहा बोटांनी आजही तसं जमत नाही. बोटांना स्पर्श कळत नव्हता, म्हणून तयार चपलेचा आतला तळ ते गालावरून फिरवून बघायचे. कुठे टोचतंय, कुठे उंचवटा आहे, ते गालाला कळायचं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पाद्री हुनार हायस म्हनं?"

"व्हय."

"हो की. तवर ह्यो रबर काप."

तीन महिने त्यांनी मला एकही चप्पल करू दिली नाही. सकाळी पेशंट बाकावर बसायचे. त्यांचे पाय मी पाण्यात बुडवायचे, पुसायचे, तळवा हातात घ्यायचा आणि कुठे गरम लागतंय ते सांगायचं. जिथे गरम तिथे आतून जखम चाललेली. मी नाक मुरडायचो नाही, तेवढं घरचं वळण होतं, पण मनात म्हणायचो, माझी जागा ही नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज फुली मारायचो. दर सहा महिन्यांनी कमिटीला पत्र लिहायचो. उत्तर यायचं: धीर धरा.

दोन वर्षं संपली. कमिटीनं आणखी एक वर्ष वाढवलं. कारण दिलं नाही. मग मी ठरवलं की हे देणार नसतील तर आपण आपलं मिळवू. शनिवारी-रविवारी गावोगावच्या तरुणांच्या सभांमध्ये बोलायला जाऊ लागलो. बरं बोलायचो. नाव झालं. सोमवारी वर्कशॉपात आलो की अण्णा विचारायचे, "झालं का रं गाजवून?" मी रागानं रबर कापायला घ्यायचो.

त्याच वर्षी हिराबाई आल्या. माणदेशातल्या, मेंढपाळ घरातल्या. चाळिशीच्या आत-बाहेर, उंच, आवाज मोठा. नवरा वारलेला, दोन मुलं लहान, शंभरभर मेंढरं. दिवाळी झाली की कळप घेऊन खाली कराड-सांगलीकडे उतरायचं, शेतात खतासाठी मेंढरं बसवायची, पावसाच्या तोंडाला परत वर जायचं. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने पायीच. उजव्या तळव्याला रुपयाएवढी जखम. डॉक्टरांनी सहा आठवडे वॉर्डात झोपवून ठेवलं. त्या सहा आठवड्यांत त्यांनी वॉर्डातल्या प्रत्येकाला शिव्या घातल्या, पण पाय खाली टेकवला नाही. जखम भरली.

मग चप्पल करायची होती. ती माझ्याकडे आली. माप घेतलं, रबर कापलं, तळ चिकटवला. शनिवारी दुपारी त्या घरी जाणार होत्या. मला तीनची गाडी गाठायची होती, कारण संध्याकाळी सांगलीकडे मोठी सभा होती आणि मुख्य वक्ता मी होतो. अडीच वाजता बघतो तर मागच्या पट्ट्याचं एक टोक सुटलेलं. ते शिवायचं म्हणजे तळ उकलायचा, शिवायचं, परत चिकटवायचं आणि रात्रभर वजनाखाली ठेवायचं. हिराबाईंना सोमवारपर्यंत थांबायला सांगायचं, किंवा आपण सभेला जायचं नाही.

अण्णा त्या दिवशी गावी गेले होते. नाहीतर माझी छाती झाली नसती. बारीक खिळ्याला आमच्या धंद्यात चूक म्हणतात. कुलपाच्या पेटीत चुकांची पुडी होती, खुर्च्या दुरुस्त करायला ठेवलेली. मी एक चूक घेतली, पट्ट्यात मारली, टोक वाकवलं, वरून रबराचा तुकडा लावला. हात फिरवला. काही लागलं नाही. चप्पल हिराबाईंच्या पायात घातली. त्यांनी चार पावलं टाकून बघितली.

"ब्येस झालीया," त्या म्हणाल्या. "द्येव तुजं भलं करू."

मी पळत गाडी गाठली. सभेला दोनशे पोरं होती. विषय आठवला की आजही कान गरम होतात: "प्रभूच्या कामात धीर". सभेनंतर लोकांनी हात मिळवले.

चोवीस-पंचवीस दिवसांनी हिराबाई परत आल्या. वडापच्या जीपमध्ये बसल्या होत्या. पायाला वास येत होता आणि पायातल्या चपलेवरून ड्रायव्हरनं रोग ओळखला. आमची ती चप्पल लोकांना लांबूनही ओळखू यायची, म्हणून कितीतरी पेशंट ती पिशवीत घालून अनवाणी यायचे. ड्रायव्हरनं हिराबाईंना फाट्यावर उतरवलं. भरलेल्या जीपमधला एक माणूस काही बोलला नाही. उरलेला रस्ता त्या त्याच पायावर चालत आल्या.

मी त्यांचा पाय बघितला आणि ओरडलो. हो, मीच ओरडलो. "चप्पल घातली नाही ना? किती वेळा सांगायचं तुम्हांला? आम्ही मरमर करायची आणि तुम्ही..."

"घातली की," त्या म्हणाल्या. "निजतानाच काडली."

अण्णांनी चप्पल हातात घेतली. उलटी केली, सरळ केली. मग नेहमीसारखी गालावरून फिरवली. त्यांच्या गालावर बारीक लाल रेघ उठली.

त्यांनी चप्पल खाली ठेवली. "ह्यो कुनी मारला?"

"मी."

"कशापायी?"

"गाडी चुकली असती."

अण्णांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त बाकाकडे मान केली, म्हणजे जा, तिला तू सांग. मी सांगितलं. काय केलं, का केलं, सगळं. हिराबाई ऐकत होत्या आणि स्वतःच्या पायाकडे दुसऱ्याच्या पायाकडे बघावं तशा बघत होत्या.

"दुकलं न्हाई रं," त्या म्हणाल्या. "दुकलं असतं तर काडला नसता व्हय मी?"

आठव्या दिवशी त्यांचं उजवं पाऊल अर्ध्यातून कापलं. मी वॉर्डात गेलो, कॉटपाशी उभा राहिलो आणि रडू लागलो. त्या भडकल्या.

"तू कशाला रडतूस? पाय तुजा गेलाय का माजा? फूस ते त्वांड. बूट कर मला. मेंढरं काय त्या डागतरनं वळायची?"

"अण्णा करतील," मी म्हणालो. "माझ्या हातून आता नको."

"अन्ना न्हाई. तूच. हितं बसून करायचा, माज्या म्होरं."

अर्ध्या पावलाचा बूट म्हणजे आमच्या कामातली अवघड गोष्ट. पुढे भरीव टोक लागतं, नाहीतर बूट चालताना वाकतो आणि कापलेल्या जागेवरच घासतो. टोक फार कडक झालं तर टाच उचलते. पहिला बूट घट्ट झाला. दुसरा पुढून वाकला. तिसरा मला बरोबर वाटला, तर हिराबाई वीस पावलं चालून म्हणाल्या, "न्हाई." त्यांना पायाला काही कळत नव्हतं, पण चालताना गुडघा कसा लागतो ते कळत होतं, आणि त्याच्यावरून त्या सांगायच्या. मी उकलायचो, परत करायचो. त्या समोर बसून बघायच्या. अण्णा मधे पडायचे नाहीत. त्या चार महिन्यांत मी एकाही सभेला गेलो नाही. कुणी बंदी घातली नव्हती. तोंडच राहिलं नव्हतं.

लोक म्हणतात, त्या प्रसंगानं याकोबला नम्र केलं. खोटं आहे. मला लाज वाटली. मी नम्र झालो असतो तर मला आतून शांत वाटलं असतं, तसं काही वाटलं नाही. सकाळी उठल्यावर पहिली आठवण त्या लाल रेघेची यायची.

तिसऱ्या आणि चौथ्या बुटाच्या मधे कमिटीचं पत्र आलं. निवड झाली होती. "आपण दाखवलेल्या धीराबद्दल आणि नम्रतेबद्दल" असं त्यात लिहिलं होतं. वडील फलटणहून साताऱ्याला आले, नवा सदरा घालून. आम्ही दोघं अध्यक्षांच्या घरी गेलो.

"जूनला निघायचं," अध्यक्ष म्हणाले.

"जूनपर्यंत बूट होईल असं वाटत नाही, सर."

"कसला बूट?"

मी सांगितलं. चुकेसकट सगळं सांगितलं. वडिलांना ते माहीत नव्हतं, ते माझ्याकडे बघतच राहिले. अध्यक्षांनी डोळे मिटले, मग म्हणाले, "देव क्षमा करतो. हे बाहेर कुठे बोलू नकोस, दवाखान्याचं नाव जाईल. आणि बूट काय, कुणीही करेल. तुला मोठ्या कामासाठी बोलावलंय."

कुणीही करेल! तीन वर्षांपूर्वी याच माणसाला वाटलं होतं की ते काम माझ्याच घराण्याचं आहे. हिराबाईंचं काय झालं, पाय कितपत बरा आहे, पोरं कुणाकडे आहेत, यातलं एक अक्षर त्यांनी विचारलं नाही. मी पत्र टेबलावर ठेवलं. आवाज चढवून बोललो. काय बोललो ते नीट आठवत नाही. बाहेर आल्यावर वडील म्हणाले, "माफी माग त्यांची." मी मागितली नाही. वडील वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढे बोलू लागले, पण मरेपर्यंत वर्कशॉपात एकदाही आले नाहीत. बुटासाठी थांबणं बरोबर होतं आणि वडिलांचं दुःखही खरं होतं. त्याचा निकाल मला लावता आलेला नाही.

चौथा बूट हिराबाईंनी घातला, अंगणाला तीन फेऱ्या मारल्या आणि काही न बोलता पिशवी उचलून निघाल्या. त्याला मी पास समजलो.

मग तुम्हांला तेव्हा पाचारण झालं का, असं मला विचारतात. नाही झालं. आवाज नाही, स्वप्न नाही, अंगावर काटा नाही. एकच सांगतो. मी दर सहा महिन्यांनी कमिटीला पत्र लिहायचो ना, अध्यक्षांशी भांडण झाल्यावरही सवयीनं दोनदा लिहिलं. नंतर एकदा लिहायचं राहिलं आणि ते राहिलंय हे मला आठ महिन्यांनी लक्षात आलं. मला पाचारण झालं असेल तर त्या आठ महिन्यांत कधीतरी झालं. मी कामात होतो.

अण्णा गेल्यावर खातं माझ्याकडे आलं. आता रगतपितीचे पाय कमी आणि साखरेचे पाय जास्त येतात. डायबेटिसनंही पाय तसाच बधिर होतो, चप्पलही तीच लागते. ऊसपट्ट्यातले एक बडे गृहस्थ, त्यांनी ड्रायव्हरबरोबर वर्तमानपत्रावर पेन्सिलीनं काढलेला पाय पाठवला. साहेब त्या बाकावर बसणार नाहीत म्हणाले. मी सांगितलं, "कागदाला चप्पल घालतो, पण त्यात कागदच चालेल." दोन महिन्यांनी गृहस्थ स्वतः आले, अंगठ्याला जखम घेऊन. बाकावर कडेला अंग चोरून बसले. शेजारी एक म्हातारे पेशंट होते, ते म्हणाले, "सायेब, नीट बसा. आमचा रोग औषिदानं बरा झालाय. तुमची साकरच काय बरी हुनार न्हाई."

हे सगळं आता का लिहितोय ते सांगतो. गेल्या हिवाळ्यात सांगलीजवळ ख्रिस्ती तरुणांचं तीन दिवसांचं शिबिर होतं. "आपलं पाचारण ओळखा." मला नम्रतेवर दहा मिनिटं बोलायला बोलावलं होतं. बाहेरून आलेले एक वक्ते, गालाला माईक लावलेला, पोरांकडून फॉर्म भरून घेत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "ज्यांना अजून हाक ऐकू आली नाही त्यांनी उभे राहा." सात-आठ मुलं उभी राहिली, माना खाली घालून. वक्ते म्हणाले, "देव बोलतोय, पण तुमच्यात गर्व आहे. तो आडवा येतोय."

विशी-बाविशीची पोरं! कुणी कारखान्यात, कुणी दुकानात, कुणी घरी आजारी आई सांभाळून आलेलं. त्यांना सगळ्यांदेखत उभं करून गर्विष्ठ म्हणायचं आणि स्वतः स्टेजवर! माझी पाळी आली. मी माईक घेऊन आधी म्हणालो, "पोरांनो, खाली बसा." मग सगळं सांगितलं. टेबल, चूक, लाल रेघ, बूट. हिराबाईंचं नाव घेतलं, गावाचंही घेतलं. संयोजकांनी चिठ्ठी पाठवली: "काका, सकारात्मक शेवट करा." मी चिठ्ठी खिशात घातली आणि बोलत राहिलो. पोरं रडली. टाळ्या वाजल्या. मला फार बरं वाटलं.

नंतर उभ्या राहिलेल्यांपैकी एक मुलगी आली. रूथ तिचं नाव, सांगलीत एका लॅबमध्ये रक्त घेण्याचं काम करते. म्हणाली, "काका, त्या बाईंचं पुढं काय झालं?"

अध्यक्षांनी विचारलं नव्हतं. कमिटीनं, मंडळीनं, कुणी म्हणता कुणी विचारलं नव्हतं. मी तिला सांगितलं: "आहेत. सोळा वर्षं मेंढरांमागे चालल्या त्या पायानं. आता घरीच असतात. दर वर्षी बूट मी नेऊन देतो."

"मी येऊ का तुमच्याबरोबर?"

महिन्याभरात आम्ही गेलो. हिराबाई ओट्यावर बसल्या होत्या, पंचाहत्तरी ओलांडलेली, आवाज तोच. मी उत्साहानं शिबिराचं सांगायला लागलो. दोनशे पोरं, तुमची गोष्ट सांगितली, सगळी रडली.

हिराबाईंनी मला मधेच थांबवलं. "माजं नाव घेतलंस?"

"घेतलं."

"गावाचं?"

मी पिशवीतून बूट काढू लागलो.

"आरं, नातीला बगाय पावनं येनार हायती. आन तू दोनशे मानसांत रगतपिती रगतपिती करत बसलास? कुनाचं कोन सोयरं आसतंय, ठावं हाय तुला? मला इचारलंस व्हतंस?"

"नाही."

"पाय माजा. तू कोन सांगनार?"

रूथ खाली बघत होती. मी म्हणालो, "चुकलो, हिराबाई."

"दुसऱ्यांदा," त्या म्हणाल्या.

हे कुठल्या जगात राहतो आपण! गोळ्यांनी तीस-पस्तीस वर्षांपूर्वी बरा झालेला रोग, आणि नातीच्या लग्नात अजून त्याची भीती. पण तो राग काढायला मला तोंड होतं का? नम्रतेवर बोलायला जाऊन मी त्यांच्या पायावर उभा राहून टाळ्या घेऊन आलो होतो.

मग हिराबाईंनीच रूथकडे बघितलं. "ही कोन? काय करती?"

"रक्त घेते लॅबमध्ये," रूथ म्हणाली. "म्हणजे सध्या. देवानं मला कशासाठी बोलावलंय ते अजून कळलं नाही. हाकच ऐकू येत नाही."

"मला बी कुनी हाक मारली न्हाई," हिराबाई म्हणाल्या. "मेंढरं व्हती, गेले त्यांच्या मागं. तुला सुई टोचाय येती नव्हं? मानसाला दुकतं का लय?"

"नाही. माझ्याकडनं फारसं दुखत नाही."

"मग च्या घे."

नातीचं लग्न नंतर ठरलं, झालंही. शिबिरातली गोष्ट तिकडे पोचली नाही. पोचली नाही हे आमचं नशीब, माझी अक्कल नव्हे. या अंकासाठी लेख मागितला तेव्हा मी आधी हिराबाईंकडे गेलो आणि विचारलं. त्यांनी दोन दिवस विचार केला. मग निरोप पाठवला: लिव, पर नाव बदल, गाव लिवू नको, आन मी रडले न्हाई ते लिव.

तर लिहितो. हिराबाई हे त्यांचं खरं नाव नाही. त्या रडल्या नाहीत. छापायला देण्याआधी रूथनं हा लेख त्यांच्या ओट्यावर बसून त्यांना पूर्ण वाचून दाखवला. दोन ठिकाणी त्यांनी तिला थांबवलं. ती वाक्यं मी काढली. ती कुठली होती हे सांगायला त्यांची परवानगी नाही.